बुटांच्या पादुका

१

एकाहत्तर सालच्या वाघबारशीला तुंगार्लीच्या दिनशा कॉटेजमधून एक चित्र नाहीसं झालं, आणि त्यापायी दहा वाजायच्या आत तिथं झाडलोट करणारी हिरी कोठीच्या खोलीत कोंडली गेली.

अंबूबाई गुरवांना ही बातमी दुकानात कळली. लोणावळ्याच्या बाजारपेठेत त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं. नारळ, कापूर, वाती, शेंदूर. नवरा गेल्यावर पंधरा वर्षं त्यांनी ते एकटीनं चालवलं होतं. त्या दिवशी दुकानापुढं उभं राहायला जागा नव्हती, कारण डोंगरातल्या वाड्यांवर वाघदेवाला शेंदूर चढवायचा तोच दिवस. त्या गर्दीतून ठाकरवाडीचा म्हातारा बहिरू वाट काढत पुढं आला. खांद्यावर त्याची नात, सात महिन्यांची चिंगी, रडून रडून लाल झालेली.

"अंबूबाय, माज्या सुनंला कोंडलं बंगल्यावर. चोर म्हनत्यात तिला. पोर सकाळधरनं उपाशी हाय. वरचं दूध तोंडात धरंना."

"हिरीनं काय चोरलं म्हणे?"

"त्या सोपानानं काढल्याली तस्बीर. हिच्या हाताला शेंदूर हाय, तवा हिनंच नेली म्हनं. आवो, आज कुनाच्या हाताला शेंदूर न्हाई?"

अंबूबाईंनी स्वतःचे हात पाहिले. बोटांच्या पेरांत, नखांत, सगळीकडं लाल. त्यांनी शेजारच्या फुलवाल्याला दुकानावर बसवलं, पदर खोचला आणि चालू लागल्या.

त्या चित्राची हकिकत त्यांना ठाऊक होती. बंगल्यात दसऱ्यापासून मुंबईची तीन पोरं येऊन राहिली होती. केस मानेपर्यंत, दिवसभर गिटारी आणि ढोल. त्यांची गाण्याची तबकडी निघायची होती, आणि तिच्या कव्हरासाठी त्यांना चित्र हवं होतं. विलायतेतल्या कुठल्याशा रॉकवाल्यांच्या तबकडीचं कव्हर त्यांनी जपून ठेवलं होतं: काळा बोगदा, आणि बोगद्याच्या आत चार माणसं उभी, बाहेर बघत. पोरांना तेच हवं होतं, पण आपलं. म्हणून त्यांनी चिक्कीच्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा सोपान बोलावला, टाकवे बुद्रुकचा.

सोपान पंधरवड्यापूर्वी दुकानात येऊन पावशेर शेंदूर घेऊन गेला होता. "मावशी, त्यांचा बोगदा हाय ना, त्याचा मी गाभारा करणार. आत वाघदेव बसवणार, खरा शेंदूर लावून. सिग्नलचे दोन दिवे, एक लाल, एक हिरवा, त्यांचे चंद्र-सूर्य."

"आणि ती चार माणसं?"

"ती भायेर. गाभाऱ्यात माणसं कुटं असत्यात?"

२

बंगल्याचा मुकादम हौशीराम पायरीवरच उभा होता. मिशीला तूप, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"या, अंबूबाई. तुमचीच वाट बघत होतो."

"माझी? ती कशाला?"

"आत चला, दावतो."

दिवाणखान्यात चित्र ठेवायची लाकडी तिवई रिकामी उभी होती. तिच्यावर शेंदूर फासलेला. खाली फरशीवर एक नारळ फोडलेला, दोन्ही भकलं तिथंच पडलेली, खोबरं जसंच्या तसं. शेजारी कापलेलं लिंबू. आणि एक चुरगळलेला कागद. जुन्या पंचांगाचं पान.

अंबूबाईंनी ते पान लगेच ओळखलं. शेंदूर जुन्या पंचांगाच्या पानात बांधून द्यायची पद्धत अख्ख्या लोणावळ्यात फक्त त्यांची.

तिन्ही पोरं भिंतीला टेकून उभी होती. बंगलेवाल्यांचा थोरला मुलगा दारा, उंच, गप्प. ढोल वाजवणारा गोव्याचा व्हिक्टर. आणि गाणारा उदय प्रधान, दादरचा, ज्यानं सोपानला शोधून आणलं होतं.

"गावच्या लोकांना राग आलाय," उदय म्हणाला. "बोगद्यात देव बसवला म्हणून. स्पष्टच आहे. चित्र उचललं आणि वर हा उतारा मांडून ठेवला."

अंबूबाई पुढं झाल्या. त्यांनी तिवईच्या दांड्यावरून बोट फिरवलं. शेंदूर सुकून त्याची पूड झाली होती. बोट लागताच ती खाली झरली, आणि लाकूड उघडं पडलं. त्यांनी बोट नाकाशी नेलं. मग ते पदराला पुसलं.

"हिरी कुठं आहे? मला तिच्याशी बोलायचंय."

"बोला की," हौशीराम म्हणाला आणि त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेला. कोठीचं कुलूप काढलं, दार उघडलं. अंबूबाईंनी उंबरा ओलांडला आणि मागं कडी वाजली.

"हौशीराम! हे काय?"

"शेंदूर तुमच्या दुकानचा, बाई. आन् ठाकरं रोज तुमच्या दारात. चार वाजता वडगावावरनं फौजदार येत्यात. तवर दोघी बसा."

"अरे, मी तुझ्या आईच्या वयाची!"

"म्हून तर हात न्हाई लावला," हौशीराम म्हणाला, आणि कुलूप खटकन बसलं.

३

कोठीला एकच खिडकी होती, आणि तिला लोखंडी जाळी. अर्ध्या खोलीत भाताच्या गोण्या, बाकीच्यात मोडक्या खुर्च्या आणि कंदील. हवेत भुसा. हिरी एका गोणीला पाठ लावून बसली होती, आणि तिच्या चोळीवर ओल पसरली होती.

जाळीपलीकडून चिंगीचं रडणं आलं. हिरी उठून धावली. बहिरूनं पोरीला जाळीशी धरलं. जाळीची भोकं इतकी बारीक की हिरीचं एक बोट कसंबसं बाहेर गेलं. पोरीनं ते धरलं, तोंडात घातलं, आणि फसवलं गेल्यासारखी आणखीच मोठ्यानं रडू लागली.

"आबा, न्या तिला तिकडं," हिरी म्हणाली. "बगून लय रडती. न्हाई, नगा नेऊ. हितंच धरा."

अंबूबाईंनी तिला खाली बसवलं. "हिरी, सकाळपासनं काय काय झालं ते सांग. काही गाळू नको."

"उजाडायला आमी वाघदेवासाटी शेंदूर कालवला. मीच कालवला, सासऱ्यानं नेऊन लावला. मंग मी हितं आली. पुढचा सोपा झाडला. दारात बूट बी न्हवतं आज, त्यामुळं चट झालं. मंग बैठकीत गेली तर तस्बीर न्हाई. मीच वरडली, मावशी! चोर आपन होऊन वरडतो व्हय?"

"मग?"

"मंग हौशीरामदादा आला. माजं हात बगितलं. थोरलं बाबा म्हनलं, कोठीत नगं, गाडीच्या खोलीत ठेवा. पर त्या खोलीला कडी न्हाई, म्हून हितं."

"हात दाखव तुझे."

हिरीनं हात पुढं केले. तळव्यांवर तेलकट लाली पार मुरलेली.

"धुतलेस?"

"दोनदा. राखंनं घासलं. तेलातला शेंदूर पान्यानं जातोय व्हय?"

"नाही जात," अंबूबाई हळूच म्हणाल्या. "चार दिवस नाही जात."

४

दुपारी एकेक जण खिडकीशी आला. अंबूबाईंनीच बहिरूकरवी निरोप धाडले होते.

आधी सोपान आला. त्याचा चेहरा उतरला होता. "मावशी, पुडी माजीच. तुमचंच पान. पन माजी पेटी व्हरांड्यात उघडीच असती. कुनी बी घ्यावं."

"चित्रात शेंदूर कसा लावलास?"

"जवसाच्या तेलात. बाकीचे रंग पान्यातले, पन शेंदराला तेलच लागतं. पान्यात त्यो धरत न्हाई, तुमाला काय सांगायचं!"

"आणि माणसं किती काढलीस? पोरं तर तीनच आहेत."

"दगड चार काढले, उंबऱ्याच्या भायेर. तिनांवर हे तिघं, पाठमोरे. चौथा रुस्तम, दाराबाबांचा धाकटा भाऊ. वर्षामागं घाटात मोटार दरीत गेली त्याची. मी त्याला कदी बगितलं न्हाई. मंग चौथ्या दगडावर पादुका ठेवल्या. गेलेल्या मानसाच्या पादुकाच मांडत्यात ना आपल्यात? पन गिटारवाल्या पोराच्या पायात खडावा कशा शोभतील? म्हून त्याचे दारातले बूट काढले. वर दोन झेंडूची फुलं."

मग उदय आला. "उद्या सकाळी कंपनीचा माणूस चित्र न्यायला येतोय. ते नसेल तर तबकडीच निघायची नाही. दोन वर्षं घासतोय आम्ही यासाठी! अंबूबाई, तुम्हाला माहीत असेल तर सांगा, कुठल्या वाडीत ठेवलंय?"

"वाडीत कुणी फोडलेला नारळ तसाच टाकून जाईल का रे? तिथं खोबऱ्याच्या तुकड्यासाठी पोरं रांग लावतात."

त्याला हे सुचलंच नव्हतं.

व्हिक्टर सिगरेट ओढत आला. तो नऊपर्यंत झोपला होता. "चित्र फर्स्टक्लास, बाई. रविवारी पुरं झालं, आम्ही दोघं नाचलो. दारा? दारा काही बोलला नाही. तो तसा कधीच काही बोलत नाही."

तीन वाजून गेले. चिंगीचं रडणं आता चिरकं झालं होतं, मधेच थांबायचं. थांबलं की हिरी जाळीला कान लावायची. अंबूबाईंना खोली लहान होत चालल्यासारखं वाटू लागलं. त्या बसायला जागा शोधत गोण्यांच्या मागच्या बाजूला गेल्या, आणि तिथं थबकल्या.

भिंत आणि गोण्यांच्या मधे पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी सपाट ठेवलं होतं. ओल लागू नये म्हणून खाली कोरडी गोणी अंथरलेली.

त्यांनी चादर उलगडली. सर्वांत वर काळे बूट होते, तळवे खाली. आणि बुटांखाली, बोगद्याच्या काळ्या तोंडातून, वाघदेव बघत होता.

"अगं बाई!" अंबूबाईंनी बूट झटकन उचलून खाली ठेवले आणि हात जोडले.

हिरी मागं उभी होती. तिनं तोंडावर हात धरला. "मावशी, आता तर आपन मेलो. तस्बीर आपल्याच संगट कोंडलीया."

५

बाहेर चुन्याच्या भट्टीवरचा साडेतीनचा भोंगा झाला. फौजदारांना अर्धा तास उरला होता.

अंबूबाई जमिनीवर बसून राहिल्या. त्या चित्राकडं बघत नव्हत्या. त्या आपल्या उजव्या हाताकडं बघत होत्या, ज्यानं त्यांना न विचारता बूट उचलले होते.

"हिरी," त्या म्हणाल्या, "तू हे बूट देवाच्या तोंडावर ठेवले असतेस का?"

"मावशी, कायतरीच काय!"

"चोरी करायची असती तर? घाई असती, कुणी मागं लागलं असतं तर?"

"तरी बी हात न्हाई झाला."

"माझाही नाही. सोपानचा नाही, हौशीरामचा नाही, उदयचासुद्धा नाही. ज्याला हे जोडे वाटत नाहीत, माणूस वाटतो, त्याचाच झाला." त्यांनी चित्रातले बूट पाहिले, मग खरे बूट हातात घेऊन उलटे केले. डावी टाच बाहेरच्या अंगानं पार झिजलेली. चित्रात सोपानला ते उलटं दिसलं होतं. त्यानं उजवी झिजवली होती. त्यांनी बूट चादरीच्या कडेला नीट जोडून ठेवले.

"आबा," त्यांनी जाळीतून हाक मारली, "थोरल्या बाबाला बोलावून आणा. म्हणावं, अंबूबाईंना बूट सापडले."

दारा धावतच आला.

"बाबा," अंबूबाई म्हणाल्या, "शेंदूर तेलात कालवतात. सोपान ब्रश पाण्यात बुडवतो हे तुम्ही पाहिलंत, म्हणून तुम्ही पाणी घातलंत. तिवईवरचा शेंदूर बोट लावताच झडला. डोंगरातलं सात वर्षांचं पोरही ही चूक करणार नाही. तेव्हाच मला कळलं की हे काम बंगल्यातल्या माणसाचं, वाडीतल्या नाही."

दारा जाळीतून गोण्यांकडं बघत होता.

"चित्राचा राग असता तर ते फाडलं असतं, दरीत टाकलं असतं. इथं कोरडी गोणी अंथरून, चादरीत गुंडाळून ठेवलंय. शेंदूर लाकडाला फासला, चित्राला बोट लागलेलं नाही. हे ज्यानं केलं त्याला चित्र नकोही होतं आणि मोडवतही नव्हतं. आणि दारातले बूट त्याच सकाळी गेले. चोराला बुटांचं काय?"

"हौशीरामकडे किल्ली आहे," दारा कसंबसं म्हणाला.

"त्यानं ठेवलं असतं तर सगळ्यांदेखत काढून दाखवलं असतं, नाहीतर हिरीला दुसरीकडं कोंडलं असतं. 'कोठीत नको' असं म्हणणारे तुम्ही एकटेच. दुसरी किल्ली मालकाच्या घरात असते, बाबा. आत्ता ती तुमच्या खिशात आहे, कारण तुम्ही सकाळपासून इथं यायची संधी शोधताय."

दाराचा हात नकळत खिशाकडं गेला.

"आईनं एक वर्ष ते बूट हलवू दिले नाहीत," तो म्हणाला. "मुंबईहून आली की स्वतः पुसते. आणि ते आता कव्हरावर छापून दुकानात जाणार. लोक त्यावर चहाचे कप ठेवणार, बाई. पुन्हा कुणी त्यांचं चित्र काढू नये म्हणून बूटही उचलले. मी नको म्हटलं असतं तर उदय आणि व्हिक्टरची दोन वर्षं बुडाली असती. म्हणून वाटलं, चोरी झाली तर कुणाचाच दोष नाही. गाववाले म्हणजे कुणीच नाही."

"गाववाले म्हणजे कुणीच नाही," अंबूबाईंनी ते शब्द पुन्हा उच्चारले. "इकडं या. जवळ या. ऐका."

दारा जाळीशी वाकला. आत हिरीचा श्वास आणि बाहेर चिंगीचा, दोन्ही एकदम ऐकू येत होते.

"तुम्ही सहा तास हे ऐकताय."

दारानं डोळे मिटले.

"मी देव कागदात बांधून विकते, बाबा. माणूस घरी नेऊन तो कुठं ठेवील हे माझ्या हातात नाही. सोपाननं हात जोडून तुमचा भाऊ त्या दगडावर ठेवलाय. चहाच्या कपानं तो लहान होत नाही. पण तुमच्या भावासाठी एक आई कुलपात बसली, हे राहील. आता फौजदारांना मी सांगायचं, की दार तुम्ही उघडायचं?"

जाळीपासून पावलं दूर गेली. अंबूबाईंनी हिरीचा हात धरला.

कुलपात किल्ली फिरली.

६

हिरी कुणाकडं न बघता बाहेर गेली, बहिरूच्या हातून पोरगी घेतली आणि तिथंच अंगणात, पेरूच्या बुंध्याशी, सगळ्यांकडं पाठ करून बसली. रडणं एकदम थांबलं. हौशीराम काहीतरी बोलायला पुढं झाला. अंबूबाईंनी नुसती मान हलवली, आणि तो होता तिथंच उभा राहिला.

फौजदार आले. दारानं स्वतःच सगळं सांगितलं. मालकाचीच वस्तू मालकाच्याच कोठीत, तेव्हा लिहायचं काय, असं म्हणून फौजदार चहा पिऊन निघाले. उदय आत निघून गेला. व्हिक्टर तेवढा पुढं होऊन दाराच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

"वहीत चोरी लिहिली गेली नाही," अंबूबाई दाराला म्हणाल्या, "पण बाजारात ती सकाळीच फिरलीय. वाडीवर चला."

त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत दारा ठाकरवाडीवर गेला. वाघदेवापुढं सगळी वाडी जमली होती. त्यानं चपला लांब काढल्या आणि मोडक्या मराठीत नाही, चांगल्या मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की चित्र मी लपवलं, हिरीबाईंनी काही नेलं नाही, त्यांना कोंडलं तेव्हा मी गप्प बसलो. वाडी ऐकून घेत होती. कुणी त्याला बस म्हटलं नाही. शेवटी बहिरूनं त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, तो प्रसाद होता म्हणून. हिरी झोपडीच्या आतच होती, दार सताड उघडं ठेवून.

परत येताना दारा बंगल्याच्या व्हरांड्यात थांबला. सोपान पेटी आवरत होता. दारानं तिवईवर पुन्हा चढवलेलं चित्र बराच वेळ पाहिलं.

"डावी," तो म्हणाला.

"काय, बाबा?"

"टाच. डावी झिजली होती त्याची. क्लच दाबून दाबून. तू उजवी केलीस."

सोपाननं पुन्हा ब्रश काढला.

तबकडी पुढच्या उन्हाळ्यात निघाली. पोरांचं पुढं फारसं काही झालं नाही. व्हिक्टर बोटीवर वाजवायला गेला, उदय बँकेत लागला. पण कव्हर मात्र लोकांच्या लक्षात राहिलं, आणि मागं बारीक अक्षरांत छापलं होतं: चित्र – सोपान, टाकवे बुद्रुक. दारानं एक तबकडी अंबूबाईंना पोचवली. त्यांच्याकडं ती वाजवायला काही नव्हतं. त्यांनी ती दुकानात कापराच्या बरण्यांवर उभी केली.

हिरी बंगल्यावर परत गेली नाही. ती आता अंबूबाईंच्या दुकानात वाती वळायची, आणि बसायची नेहमी उंबऱ्याजवळ, एक पाय रस्त्यावर. दुपारी अंबूबाई दार अर्धं लोटायला गेल्या की ती म्हणायची, "मावशी, ऱ्हाऊ द्या की उघडं." अंबूबाईंनी मग ते लोटणं सोडूनच दिलं.

तबकडी आली त्या दिवशी हिरीनं ती हातात घेतली. नुकती चालू लागलेली चिंगी तिच्या मांडीवर चढून कव्हरावरच्या वाघाला बोट लावत होती. हिरीनं काळा गाभारा पाहिला, आतला शेंदरी देव पाहिला, लाल-हिरवे चंद्रसूर्य पाहिले. मग तिनं उंबऱ्याबाहेरचे दगड एकेक करून मोजले, बुटांच्या दगडापाशी थांबली, आणि मान डोलावली.

"चौघं बी भायेरच बसल्यात," ती म्हणाली. "बरं हाय."